साडेतीन किलोमीटर गेले कुठे?

प्रश्न : मी वाईला राहते आणि शिरवळच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आठवड्याचे सहा दिवस, रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर. सकाळी बोगदा, संध्याकाळी खंबाटकी घाट. २०१७ सालची छोटी पेट्रोल गाडी आहे, मीच चालवते. नवी होती तेव्हा लिटरला १८ द्यायची, आता जेमतेम साडेचौदा देते. महिन्याला साडेबारा हजार पेट्रोललाच जातात. मागच्या दिवाळीत टायर बदलले, तेव्हा दुकानदाराने पकड चांगली मिळते म्हणून एक साइज मोठे घातले. सर्व्हिसिंग ओळखीच्या गॅरेजमध्ये होतं. माझा डबा भरून होईपर्यंत सासरे गाडी सुरू करून ठेवतात, इंजिन गरम व्हावं म्हणून. दीर म्हणतात, बोगदा संपला की न्यूट्रल टाकत जा, फुकटात उतरशील. पंपावरचा मुलगा दर वेळी महागडं पेट्रोल तरी घ्या नाहीतर ही बाटली तरी टाका म्हणतो. सीएनजी किटचाही विचार चालू आहे. नक्की काय करू?
– एक वाचक, वाई

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्रात आकडे दिलेत, त्यामुळे माझं काम सोपं झालं. 'गाडी फार पेट्रोल पिते' एवढंच लिहिलं असतं तर मला अंदाजच बांधत बसावं लागलं असतं. अठराचे साडेचौदा झालेत, म्हणजे लिटरमागे साडेतीन किलोमीटर कमी झालेत. ते कुठे गेले हे एकेक करून शोधू. त्यातले काही परत मिळणार नाहीत. काही मुळात गेलेलेच नाहीत, नुसते कमी दिसतायत. बाकीचे मात्र मिळतील, आणि त्यासाठी फार पैसे घालायचे नाहीत.

परत न मिळणाऱ्यांचं आधी सांगतो, म्हणजे त्यांच्यापायी गॅरेजवाल्याशी वाद होणार नाही. तुमची गाडी घरात आली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल आतापेक्षा बरंच कमी असायचं. २०२२ च्या मध्याला देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, आणि आता पंपावर सर्रास वीस टक्क्यांचं मिश्रण मिळतं, त्यालाच ई-२० म्हणतात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे तेवढंच अंतर जायला जास्त इंधन जळणार. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच म्हटलं होतं, की ई-२० साठी न बनलेल्या जुन्या चारचाकींचं अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी उतरेल. अठरातून सहा टक्के वजा केले की सतरा राहतात. हा एक किलोमीटर कमी झाला त्यात तुमची चूक नाही आणि मेकॅनिकचीही नाही. इथेनॉल उसापासूनही बनतं, त्यामुळे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना या धोरणाची दुसरी बाजूही ठाऊक असते, पण तुमच्या पाकिटाच्या हिशेबात हा किलोमीटर गेला असंच धरा. फक्त पुढच्या सर्व्हिसिंगला पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि सील बघून घ्यायला सांगा. ई-२० ला चालतील असे भाग गाड्यांमध्ये २०२३ च्या एप्रिलपासून येऊ लागले, तुमची गाडी त्याआधीची आहे. गाडीजवळ पेट्रोलचा वास यायला लागला तर सर्व्हिसिंगची वाट बघू नका, लगेच दाखवा.

आता टायर. एक साइज मोठे घातले असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण मी तिथेच थांबलो. समजा मूळ टायर १५५/८० आर १३ होते आणि आता १६५/८० आर १३ आहेत. छोट्या गाड्यांना दुकानदार नेहमी हाच बदल सुचवतात. या दोन टायरांच्या व्यासात पावणेतीन टक्क्यांचा फरक आहे. मोठ्या टायरची गाडी चाकाच्या एका फेऱ्यात जास्त अंतर जाते, पण मीटर जुन्याच मापाने मोजत राहतो. म्हणजे तुम्ही खरे १०० किलोमीटर गेलात की मीटरवर ९७ च्या आसपास दिसतात. तुमचे साडेचौदा म्हणजे प्रत्यक्षात पंधराच्या जवळपास असणार. हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांशी मीटर ताडून बघा. एका दगडापासून दहा दगड मोजा आणि मीटर किती पुढे गेला ते बघा. (गाडी चालवताना दगड मोजू नका, शेजारी कुणी असेल त्या दिवशी त्यांना मोजायला सांगा.) मोठा टायर जड असतो आणि रस्त्याला जास्त घासतो, त्यामुळे थोडं पेट्रोल खरोखरच जास्त जातं. पण चांगले टायर काढून फेकू नका. ते झिजले की दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर छापलेल्या मूळ साइजचेच घ्या, दुकानदार काहीही म्हणो.

म्हणजे खरा शोध सतरा आणि पंधरा यांच्यामधल्या दोन किलोमीटरचा आहे. हे दोन किलोमीटर तुम्हाला महिन्याला चौदाशे-पंधराशे रुपयांना पडतायत.

पण ते शोधण्याआधी मोजण्याची पद्धत पक्की करा. रिझर्व्हचा दिवा लागला की हजाराचं पेट्रोल टाकायचं आणि पुन्हा दिवा लागेपर्यंत किती चालली ते बघायचं, ही पद्धत सोडा. तो दिवा चढ-उतारावर कधीही लागतो. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की तिथेच थांबायचं, वर रक्कम पूर्ण करायला ठेचून भरायचं नाही. ट्रिप मीटर शून्यावर आणा. आठवडाभर गाडी चालवा आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरा. जितके लिटर बसले तितक्यांनी किलोमीटरला भागा. एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, तीन-चार टाक्यांची सरासरी घ्यायची. तुमचं कामच हिशेबाचं आहे, ही वही तुम्ही माझ्यापेक्षा चांगली ठेवाल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळं एकदम केलं तर फरक कशाने पडला ते कळणारच नाही.

मापाबद्दल शंका आली तर पंपावर पाच लिटरचं माप मागा. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपाला ठेवावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं की त्यात पेट्रोल काढून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरलं तर तक्रार करा. मागायला संकोच वाटू देऊ नका, तो तुमचा हक्क आहे.

आता हवा. हवा कमी असलेली सायकल चढावर ढकलताना जे होतं तेच गाडीचंही होतं, फक्त स्टिअरिंगवर बसलेल्याला ते जाणवत नाही. पाच-सात पीएसआय (हे हवेच्या दाबाचं माप) कमी असतील तर दोन-एक टक्के पेट्रोल जास्त जातं, वर टायर कडेने झिजतात आणि हायवेच्या वेगात तापतात. फुटण्याची भीती या तापण्यातूनच येते, त्यामुळे हे काम मी नुसतं पैशासाठी सांगत नाही. पंक्चर नसलं तरी महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप उतरतात.

हवा केव्हा भरता हे फार महत्त्वाचं आहे. तुमच्यासारखे बरेचजण हायवेला लागल्यावर सुरूरजवळ किंवा त्यापुढे हवा भरतात. तोवर दहा-बारा किलोमीटर झालेले असतात, टायर तापलेले असतात, आतली हवा फुगलेली असते. काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. तुम्ही ३३ बघून खूश होता, पण रात्री टायर थंड झाला की तो २९-३० वर आलेला असतो. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो. म्हणून हवा वाईतच, घरापासून जवळच्या पंपावर, सकाळी निघाल्या निघाल्या भरा. टायरच्या कडेवर जो मोठा आकडा कोरलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. तुमचे टायर मूळ साइजचे नाहीत, पण फरक एकाच पायरीचा असल्याने स्टिकरचाच आकडा धरा. नायट्रोजनला वेगळे पैसे मोजू नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. स्टेपनीही विसरू नका.

यावरून सासऱ्यांचं आठवलं. तुमच्या गाडीला इंजिन उभ्या उभ्या गरम करायची गरज नाही. सुरू करून वीस-तीस सेकंद थांबायचं आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न देता हळू चालवायची, चालताना ती लवकर गरम होते. उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जाळतं. रोज सहा-सात मिनिटं धरली तर महिन्याला दोनशे रुपयांच्या आसपास जातात, एक पैचं अंतर न कापता. पण ते हे काम तुमच्या काळजीने करतात, तेव्हा 'बाबा, उगाच पेट्रोल जाळू नका' असं तोडून सांगू नका. टायरची हवा मोजायचा गेज दोनशे-चारशेला मिळतो, तो आणा आणि आठवड्यातून एकदा सकाळी गाडी हलायच्या आधी चारही चाकं बघून वहीत लिहायचं काम त्यांच्याकडे द्या. थंड टायर मोजायला त्यांच्याइतकी योग्य वेळ आणि योग्य माणूस तुम्हाला मिळणार नाही, आणि गाडी सुरू ठेवण्याची सवयही न बोलता सुटेल.

गॅरेजचं काम. सगळ्यात आधी गाडीत काही अडकत नाही ना ते तुम्हीच बघा. सपाट वाटणाऱ्या पण जरा उताराच्या मोकळ्या जागी हळू जाऊन न्यूट्रल करा. गाडी सहज घरंगळत गेली पाहिजे. थबकत थांबत असेल तर ब्रेक धरून राहतोय. शिरवळला पोचल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, पण डिस्कला बोट लावू नका, भाजेल. एकाच चाकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त लागली तर तिथला ब्रेकचा कॅलिपर किंवा लायनर अडकलाय. आपल्याकडच्या पावसात हँडब्रेक ओढून गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की मागचे ड्रम धरतात, वायर गंजून सैल होत नाही. असा एक ब्रेक अर्धवट लागून राहिला तर बाकी सगळी काटकसर पाण्यात जाते.

दुसरा संशय थर्मोस्टॅटवर, म्हणजे इंजिनाचं तापमान योग्य राखणाऱ्या व्हॉल्व्हवर. आपल्याकडे कितीतरी गॅरेजमध्ये गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढूनच टाकतात, 'आता कधी तापणार नाही' म्हणतात. गाडी तापत नाही हे खरं, पण ती धड गरमही होत नाही, आणि थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल देत राहतो. सकाळी निघाल्यावर तापमानाचा काटा पाच-सहा किलोमीटरमध्ये नेहमीच्या जागी यायला हवा. काटा नसेल तर निळा दिवा विझायला हवा. सुरूर आलं तरी गाडी थंडच दाखवत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय किंवा कुणीतरी काढलाय. नवा बसवायचा खर्च एका टाकीहून कमी येईल.

ऑइलचं बिल काढून ग्रेड बघा. ५डब्ल्यू-३० सारखं पातळ ऑइल सांगितलेल्या गाडीत २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल घातलं की इंजिनाला ते घुसळण्यातच ताकद घालवावी लागते. मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घालायला सांगा. प्लग ठरलेल्या किलोमीटरला बदलले का ते विचारा. एअर फिल्टरबद्दल ऐकीव गोष्टी फार आहेत. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत फिल्टर तुंबला की अ‍ॅव्हरेज धाडकन पडायचं. तुमच्या इंजेक्शनच्या गाडीत हवेच्या हिशेबाने पेट्रोल सुटतं, त्यामुळे अ‍ॅव्हरेजला फार धक्का बसत नाही, गाडीची ओढ कमी होते. तरीही तुमच्या रस्त्याला धूळ असते आणि फिल्टर काहीशे रुपयांत येतो, वेळेवर बदला.

आणि एक कागद तुमच्याकडे आधीच आहे, पीयूसी. तो गाडीत ठेवायच्या आधी वाचा. त्यावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन) असे आकडे असतात. बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या पेट्रोल गाडीला सीओची मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची २०० पीपीएम आहे. निरोगी गाडीचे आकडे मर्यादेच्या बरेच खाली असतात. मागच्या दोन-तीन पीयूसी काढून शेजारी ठेवा. सीओ चढत गेला असेल तर पेट्रोल पूर्ण न जळता बाहेर पडतंय. मग ऑक्सिजन सेन्सर आणि प्लग तपासायचे. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला असेल तर हे काम पुढे ढकलू नका. बिघडलेला सेन्सर एकटाच तुमचे दोन्ही किलोमीटर खाऊ शकतो.

आता गाडी चालवण्याचं. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण सर्व्हिसिंग वर्षातून एकदा-दोनदा होतं आणि तुमचा पाय रोज तास-सव्वा तास एक्सलेटरवर असतो.

दिरांचा सल्ला आधी. बोगदा संपला की न्यूट्रल टाकायचं नाही, अजिबात नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलेटरवरून पाय पूर्ण उचलला की तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. चाकं इंजिनाला फिरवतात आणि पेट्रोल शून्य जातं. न्यूट्रल केलं की इंजिनाला बंद न पडण्यासाठी स्वतःचं पेट्रोल जाळावं लागतं. म्हणजे दीर ज्याला फुकट म्हणतात त्यालाच पैसे पडतात, आणि गिअरमध्ये उतरणं खरोखर फुकट असतं. कार्ब्युरेटरच्या काळात त्यांचं म्हणणं काही अंशी खरं होतं, पण तेव्हाही धोक्याचं होतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की पकड सुटते. बोगद्यानंतरच्या एस आकाराच्या वळणावर किती अपघात झालेत हे तुम्ही रोज जाणाऱ्या, तुम्हाला मी काय सांगावं. आणि पुढचं पाऊल म्हणून कुणी चावीच बंद करायला सांगितलं तर ऐकू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकचं पेडल दोन-तीन दाबांत दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं, लॉकही होऊ शकतं. हे दिरांना वाचून दाखवा.

ब्रेककडे एका वेगळ्या नजरेने बघा. गाडीने जो वेग घेतला तो तुम्ही विकत घेतलेल्या पेट्रोलवर घेतला. ब्रेक दाबला की तो वेग उष्णता होऊन लायनरमधून हवेत जातो, आणि पुन्हा वेग घ्यायला पुन्हा पेट्रोल लागतं. जितके ब्रेक कमी लागतील तितकं पेट्रोल वाचेल. ब्रेक टाळायचा असं मात्र कधीच करू नका, जिथे लागेल तिथे कचकन दाबा. तो लागायची वेळ कमी यावी म्हणून नजर लांब ठेवायची. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर नजर खिळली की ती थांबली तर आपण थांबतो, ती निघाली तर आपण उसळतो. तिच्याही पुढच्या दोन-तीन गाड्या बघा. खंडाळ्याच्या अलीकडे ट्रकची रांग दिसली, शिरवळच्या फाट्यावर गर्दी दिसली, की तीनशे मीटर आधीच पाय उचला आणि गिअरमध्येच गाडी येऊ द्या. पुष्कळदा तुम्ही पोचेपर्यंत रस्ता मोकळा होतो आणि ब्रेक लागतच नाही. समोरच्या गाडीपासून निदान तीन सेकंदांचं अंतर ठेवलं तर हे जमतं. मध्ये कुणीतरी घुसेल. घुसू द्या, पुन्हा तेवढं अंतर घ्या.

वेगाचं गणित हायवेवर सगळ्यात मोठं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० चे १०० केले की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि छोट्या गाडीचं पेट्रोल पंधरा-वीस टक्क्यांनी वाढतं. वेळ किती वाचतो? तुमचा पंचवीसेक किलोमीटरचा हायवे १०० ने पंधरा मिनिटांत होईल, ८० ने पावणेएकोणीस. पावणेचार मिनिटं, तीही ट्रक मध्ये आले नाहीत तर. गेलेल्या दोन किलोमीटरमधला निम्मा भाग मला इथेच सापडेल असं वाटतं. सकाळी दहा मिनिटं आधी निघालात तर १०० ची गरजच पडणार नाही. गाडी सुरू करून ठेवणं बंद झालं की त्यातली काही मिनिटं घरातच मिळतील. टपावर कॅरिअर असेल तर उतरवून ठेवा, रिकामं कॅरिअरसुद्धा हवा अडवतं. डिकीत कायमचं पडलेलं सामानही काढा.

संध्याकाळचा घाट चढताना घाई करू नका, आणि वरच्या गिअरमध्ये गाडी दडपून पेट्रोल वाचतं असंही समजू नका. इंजिन घरघरायला लागलं, पाय जमिनीपर्यंत गेला तरी गाडी ओढत नाही, म्हणजे गिअर चुकलाय. आधीच एक गिअर खाली या आणि एका लयीत चढा. ट्रकच्या मागे सापडलात तर उसळी मारून ओव्हरटेक करण्यापेक्षा मोकळी लेन मिळेपर्यंत अंतर ठेवून चला. वळणावर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवू नका. चढावर एक्सलेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही असं होत असेल तर क्लच प्लेट सरकतेय, ते गॅरेजला सांगा.

एसीबद्दल फार डोकं खाऊ नका. गावात हळू जाताना काचा उघड्या, हायवेला काचा बंद करून एसी बेताचा. हायवेच्या वेगात उघड्या काचांमुळेही पेट्रोल जातंच. कंपनीच्या पार्किंगमध्ये गाडी उन्हात तापली असेल तर आधी मिनिटभर सगळ्या काचा उघडून चालवा, मग एसी लावा. दमून घरी जाताना घामाघूम होऊन बसण्याइतकी ही बचत मोठी नाही.

पंपावरच्या मुलाला नम्रपणे नाही म्हणा. महागडं पेट्रोल बहुधा जास्त ऑक्टेनचं असतं. ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल वेळेआधी पेटायला जास्त विरोध करतं, त्यात ताकद जास्त नसते. ज्या इंजिनाला ते लागतं त्याच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं असतं. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या आणि पेट्रोलच्या नळीला लावायचे लोहचुंबक यांवर एक रुपयाही घालू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. वाईहून स्वारगेटला जाणाऱ्या एसट्या शिरवळवरून जातात, आणि मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. आठवड्यातले दोन दिवस एसटीने गेलात तर महिन्याचे साडेपाचशे किलोमीटर कमी होतात. आजच्या अ‍ॅव्हरेजने ते चार हजारांचं पेट्रोल आहे. तिकीट वजा करूनही हे वर लिहिलेल्या सगळ्या उपायांपेक्षा जास्त भरतं. वेळा जुळत नसतील, मुलांचं काही असेल, तर तुमच्या रस्त्यावरून शिरवळला जाणारी एखादी सहकारी शोधा आणि पेट्रोल वाटून घ्या.

राहिला सीएनजी. तुमचं रनिंग बघता तो तुम्हाला परवडू शकतो, पण आज नको. थर्मोस्टॅट, सेन्सर, ब्रेक यांचं काही बिघडलेलं असेल तर ती गाडी गॅसही तितकाच वाया घालवेल, आणि किट वाईट की गाडी, हे कळायला मार्ग राहणार नाही. बसवायचं झालं तर मान्यताप्राप्त किट, आरसीवर आरटीओची नोंद, विमा कंपनीला कळवणं आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची चाचणी, यातलं काही सोडता येत नाही. अपघात झाला तर नोंद नसलेल्या किटवरून क्लेम अडकतो. डिकीही जवळजवळ जाते. तेव्हा आधी चार टाक्यांचे आकडे, शेवटच्या दोन पीयूसींवरचा सीओ, जुन्या आणि नव्या टायरचा साइज आणि गाडी गरम व्हायला किती किलोमीटर लागतात, एवढं मला कळवा. किटचा हिशेब मग तुमच्या खऱ्या अ‍ॅव्हरेजवर मांडू.